मुळांभोवतीची वस्ती

काकडीचे बी ओलसर मातीत पडले, की ते पाणी शोषून फुगू लागते आणि त्याच वेळी त्याच्या आवरणातून साखरा, अमिनो आम्ले आणि स्निग्धाम्ले बाहेर झिरपू लागतात. हा पाझर बियाभोवतीच्या काही मिलिमीटर मातीपलीकडे जात नाही, परंतु तेवढ्या मातीत सुप्तावस्थेत पडून असलेल्या पिथियम या रोगकारक जीवाला तो पुरेसा असतो. दिसायला बुरशीसारखा, पण नात्याने तपकिरी शैवालांना अधिक जवळचा असलेला हा जीव पाझर पोहोचल्यावर काही तासांतच अंकुरतो, त्याचे तंतू बियाकडे वाढतात, आणि रोप जमिनीच्या वर येण्याआधीच कुजते, किंवा वर आलेच तर जमिनीलगतचे खोड पाणचट होऊन आडवे पडते. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘रोपे कोलमडणे’ म्हणून ओळखला जाणारा रोग तो हाच.

या पाझरातला नेमका कोणता घटक पिथियमला जागे करतो, याचा माग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एरिक नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, तेव्हा काही पिकांच्या बाबतीत हे काम लिनोलिक आम्लासारखी लांब साखळीची स्निग्धाम्ले करतात असे दिसून आले. आणि एंटेरोबॅक्टर क्लोएसी नावाचा जिवाणू बियाण्यावर आधीच वसवला असेल, तर तो ही स्निग्धाम्ले पिथियमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खाऊन संपवतो, हेही त्यांना आढळले. या क्रियेत पिथियमवर विषाचा प्रयोग होत नाही; त्याला जाग आणणारी खूणच वाटेत नाहीशी होते. मात्र काकडी आणि कापूस यांच्या बियाण्याला वाचवणारा हाच जिवाणू वाटाणा आणि मका यांच्या बियाण्याला वाचवू शकत नाही, कारण त्यांच्या पाझरात साखर मुबलक असते आणि सहज पचणारे अन्न समोर असताना जिवाणू स्निग्धाम्लांकडे वळत नाही. सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने मूळरोगांना आवर घालण्याच्या शास्त्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका उदाहरणात सापडतात. पिकाचे रक्षण करणारा हा जीव मातीतला रहिवासी असतो, आणि तो उपयोगी पडेल की नाही हे त्याला कोठे, केव्हा आणि कोणत्या अन्नावर वसवले यावर ठरते. त्याच्याकडे बाटलीतले औषध म्हणून पाहिले, की बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते.

भाजीपाल्याच्या मूळरोगांचे कारक अनेक आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची आणि वेलवर्गीय पिकांत फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांपर्यंत पोहोचते आणि त्या बंद पाडते. वरवर धडधाकट दिसणारी झाडे भर दुपारी माना टाकू लागतात आणि काही दिवसांत वाळून जातात. रायझोक्टोनियामुळे मूळकूज होते, तर स्क्लेरोशियम रोल्फसाय ही बुरशी जमिनीलगतच्या खोडावर पांढऱ्या तंतूंचे जाळे विणते आणि तेथे मोहरीएवढ्या टणक तपकिरी गाठी तयार करते, ज्या पुढची कित्येक वर्षे मातीत जिवंत राहू शकतात. यात मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींची भर पडते, आणि त्यांनी केलेल्या जखमांतून बुरशीला आयतीच वाट मिळते.

पानांवरचा रोग डोळ्यांना दिसतो आणि फवारणीच्या टप्प्यात असतो. मुळांचा रोग मात्र दिसू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि जमिनीवर ओतलेले रसायन मातीच्या चिकण कणांना चिकटून राहिल्याने मुळांच्या टोकांपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचेलच असे नसते. श्रीमंत देशांतील भाजीपाला उत्पादकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे लागवडीपूर्वी मिथिल ब्रोमाइड वायूने संपूर्ण माती निर्जंतुक करणे. हा वायू ओझोन थराला घातक ठरल्याने मॉन्ट्रियल करारान्वये विकसित देशांना २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांना २०१५ पर्यंत त्याचा शेतजमिनीतील सर्वसाधारण वापर थांबवणे भाग पडले, परंतु त्या पद्धतीतील दोष त्याआधीच लक्षात आला होता. धुरी दिलेल्या मातीत रोगकारक नाहीसे होतात तसे त्यांचे प्रतिस्पर्धीही नाहीसे होतात, आणि अशा ओस पडलेल्या मातीत पाण्याबरोबर किंवा रोपांबरोबर रोगकारक पुन्हा शिरला, तर त्याला अडवणारे कोणीच उरत नसल्याने तो आधीपेक्षा अधिक वेगाने पसरतो.

मुळांभोवतीची माती बाकीच्या मातीपेक्षा वेगळी असते, हे १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी मांडले. वनस्पती पानांत तयार केलेल्या अन्नाचा बराच हिस्सा, काही अंदाजांनुसार पाचव्या हिश्श्यापर्यंत, मुळांवाटे मातीत सोडते. त्यामुळे मुळांना लगटून असलेल्या काही मिलिमीटरच्या थरात, ज्याला मूळपरिसर म्हणता येईल, सूक्ष्मजीवांची संख्या आसपासच्या मातीच्या दहापटीपासून शंभरपटीपर्यंत वाढलेली आढळते. मुळाच्या पृष्ठभागावर जेथे पाझर अधिक, म्हणजे टोकाजवळ आणि उपमुळे फुटतात त्या भेगांजवळ, तेथेच जिवाणूंच्या दाट वसाहती असतात, आणि रोगकारकही नेमक्या त्याच जागांवरून आत शिरतात. अन्न आणि जागा दोन्ही मोजकी असल्याने जो आधी येऊन बसतो त्याचे पारडे जड राहते.

या स्पर्धेचा सर्वांत बोलका पुरावा प्रयोगशाळेबाहेर, शेतातच सापडला. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतातील शातोरनार येथे खरबुजाची शेती पिढ्यान्‌पिढ्या होत आली असून, तेथील मातीत मर रोगाची फ्युजेरियम बुरशी असूनही वेल मरत नाहीत, याकडे जाँ लूव्हे आणि क्लोद आलाबुव्हेत या संशोधकांचे लक्ष गेले. ही माती वाफेने तापवली की तिचा गुण नाहीसा होतो, आणि तापवलेल्या मातीत न तापवलेली थोडी माती मिसळली की तो परत येतो. म्हणजे हा गुण खनिजांचा वा मातीच्या पोताचा नसून तिच्यात राहणाऱ्या जीवांचा आहे, हे सिद्ध झाले. अशा मातीला रोगरोधी माती म्हणतात. तिच्यातील एक प्रमुख राखणदार निघाला तोही फ्युजेरियमच, पण रोग न करणारा: एफओ-४७ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा वाण आपल्या रोगकारक भाईबंदांशी कार्बनयुक्त अन्नासाठी झगडतो, मुळांवरील जागा आधीच व्यापतो आणि शिवाय वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही चेतवतो. तथापि राखणदारी एकाच जीवाकडे असते असे समजणे चुकीचे ठरेल. नेदरलँड्समधील शुगरबीटच्या एका रोगरोधी मातीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळपरिसरात जिवाणू आणि आर्किया मिळून ३३ हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले, आणि रायझोक्टोनियाला आवर घालण्याचे श्रेय त्यांतील अनेक गटांच्या एकत्रित वावराला द्यावे लागले.

रोगरोधी माती ही निसर्गाने आणि सातत्याच्या शेतीने घडवलेली गोष्ट आहे. तिच्यातील एखादा जीव वेगळा काढून, वाढवून, दुसऱ्या शेतात नेता येईल का, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे सर्वाधिक प्रचलित उत्तर म्हणजे ट्रायकोडर्मा. ही हिरव्या बीजाणूंची बुरशी जगभरच्या मातीत आढळते. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय रोपांच्या मरीचा अभ्यास करताना रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली असे दाखवले, की ट्रायकोडर्माचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना गाठून त्यांच्याभोवती वेटोळे घालतात आणि त्यांना मारून त्यांच्यावर पोसतात. पुढे त्यांनी या बुरशीपासून रोगकारकाला मारक असा ग्लायोटॉक्सिन हा पदार्थही वेगळा केला.

सूक्ष्मदर्शकाखाली ही क्रिया टप्प्याटप्प्याने पाहता येते. ट्रायकोडर्माचा तंतू भक्ष्याला स्पर्श होण्यापूर्वीच त्याच्या दिशेने वळतो, कारण त्याने सोडलेल्या विकरांमुळे भक्ष्याच्या पेशीभित्तिकेचे सूक्ष्म तुकडे सुटतात आणि ते त्याला वाट दाखवतात. विकरे म्हणजे जैविक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. गाठ पडल्यावर दोन्ही पृष्ठभागांवरील प्रथिने आणि शर्करा यांच्या जुळणीतून तंतू घट्ट चिकटतो, वेटोळी पडतात, आणि चिकटल्या जागी कायटिन व ग्लुकॅन यांना विरघळवणारी विकरे अधिक जोराने स्रवू लागतात. कारण रायझोक्टोनिया, फ्युजेरियम आणि स्क्लेरोशियम यांच्या पेशींचे कवच या दोन पदार्थांचे बनलेले असते. शेवटी कवचाला छिद्र पडून आतला जीवद्रव ट्रायकोडर्माच्या वाट्याला येतो. पिथियमच्या कवचात मात्र कायटिन नगण्य असून सेल्युलोज असते, आणि सेल्युलोज पचवण्यात ट्रायकोडर्मा कुळाचा हातखंडा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी बुरशी याच कुळातील होती, आणि तिच्यापासूनच आजच्या सेल्युलोज-विकरांच्या उद्योगाची सुरुवात झाली. या कुळातील तीन जातींच्या जनुकसंचांची तुलना २०११ साली करण्यात आली, तेव्हा दुसऱ्या बुरशींवर जगणे हीच या कुळाची मूळ वृत्ती असून लाकूड-कापड कुजवणे ही नंतरची सवय आहे, असा निष्कर्ष निघाला.

बराच काळ ट्रायकोडर्माचा उपयोग एवढ्यापुरताच, म्हणजे शिकाऱ्याचा, समजला जात असे. इस्रायलमधील इलान शेट यांच्या गटाने १९९९ साली काकडीच्या मुळांवर केलेल्या अभ्यासाने हे चित्र बदलले. ट्रायकोडर्मा मुळाच्या बाहेरच्या त्वचेत आणि तिच्या लगतच्या पेशीथरांत शिरतो, वनस्पती त्याला ओळखून पेशीभित्तिका जाड करते आणि तो तेथेच थांबतो. पण या झटापटीत वनस्पतीची संरक्षणयंत्रणा जागी होते आणि पुढे खरा रोगकारक आला तर त्याला तयारीत असलेल्या मुळाशी सामना करावा लागतो. कॉर्नेलचे गॅरी हारमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली या बुरशीला वनस्पतीची संधिसाधू, पण निरुपद्रवी सहजीवी म्हटले, आणि तेव्हापासून तिच्याकडे मुळात राहणारी जोडीदार म्हणून पाहिले जाऊ लागले. या दृष्टिबदलाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. शिकारी म्हणून पाहिले तर ट्रायकोडर्मा रोग आल्यावर ओतला तरी चालेल असे वाटते. सहजीवी म्हणून पाहिले तर तो रोपाच्या पहिल्या मुळाबरोबरच वाढला पाहिजे हे स्पष्ट होते.

प्रतिकारशक्ती अशा रीतीने दुरून चेतवली जाते, याचा पुरावा जिवाणूंच्या बाबतीत १९९१ साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांतून पुढे आला होता. त्यांपैकी अमेरिकेतील प्रयोगात पुन्हा काकडीच होती: जिवाणू वसवले मुळांवर, रोगकारक बुरशी सोडली पानांवर, दोघांची कोठेही गाठ पडली नाही, आणि तरीही पानांवरील ठिपके कमी झाले. म्हणजे संरक्षणाचा संदेश वनस्पतीच्या आतूनच प्रवास करीत होता. या अवस्थेला प्रेरित प्रतिकारशक्ती म्हणतात.

या जिवाणूंत अग्रगण्य म्हणजे सुडोमोनास फ्लुओरेसेन्स. अतिनील प्रकाशात तो पिवळसर हिरवा चमकतो, आणि ही चमक ज्या द्रव्यामुळे येते तेच त्याचे एक प्रमुख शस्त्र आहे. प्रत्येक सजीवाला लोह लागते. मातीत ते विपुल असते, परंतु हवा खेळणाऱ्या, उदासीन ते विम्लधर्मी मातीत ते गंजाच्या रूपात असल्याने पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सुडोमोनास लोहाला घट्ट पकडणारी रेणुद्रव्ये मातीत सोडतो आणि लोहासह ती परत शोषून घेतो. रोगकारक बुरशींची लोह पकडण्याची द्रव्ये तुलनेने दुबळी असल्याने त्यांची उपासमार होते. कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्याची माती फ्युजेरियमला दाद देत नाही, त्यामागचे एक कारण हेच असल्याचे जोसेफ क्लोपर, मिल्टन श्रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले: रोगाला अनुकूल मातीत हे लोहग्राही द्रव्य नुसते मिसळले तरी जवसाचा मर रोग घटला, आणि मातीत वरून लोह घातले तर रोगरोधी मातीतही तो पुन्हा उद्भवला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा धागा महत्त्वाचा आहे. बेसाल्टपासून बनलेली दख्खनची काळी माती चुनखडीयुक्त असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, आणि तिच्यातील लोह पिकांना इतके दुर्मिळ असते की नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहून बाकी पान पिवळे पडलेले अनेक पिकांत दिसते. ट्रायकोडर्माला किंचित आम्ल माती मानवते, तर लोहाच्या टंचाईवर चालणाऱ्या सुडोमोनासच्या डावाला चुनखडीच्या मातीत अधिक वाव असतो. त्यामुळे काळ्या मातीत ट्रायकोडर्मा वापरायचा तर तो तशाच मातीतून वेगळा केलेला असावा आणि सेंद्रिय खताच्या आधाराने द्यावा, अथवा दोघांची सांगड घालावी, हे सयुक्तिक ठरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे उत्पादन अशाच अनेक सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाचे असून, हळद आणि आल्याच्या कंदकुजीविरुद्ध मराठवाड्यातील शेतकरी ते आळवणीद्वारे वापरतात.

इतर राखणदारांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे सगोत्र जिवाणू बुरशीच्या पेशीपटलाला छिद्रे पाडणारी इटुरिन, फेंजिसिन यांसारखी द्रव्ये बनवतात. शिवाय प्रतिकूल काळात ते उष्णता व कोरडेपणा सोसणारे बीजाणू तयार करीत असल्याने त्यांची भुकटी गोदामात अधिक काळ टिकते, आणि उन्हाळी तापमानाच्या प्रदेशात हा गुण दुय्यम म्हणता येत नाही. मातीला पहिल्या पावसानंतर येणारा वास ज्यांच्यामुळे येतो त्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील एक वाण फिनलंडच्या दलदलीतील फिक्या रंगाच्या पीटमध्ये सापडला. त्या पीटमध्ये लावलेली फुलकोबीची रोपे कमी मरतात या निरीक्षणातून त्याचा शोध लागला. सूत्रकृमींच्या अंड्यांत शिरून ती नष्ट करणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी, जी पूर्वी पॅसिलोमायसिस म्हणून ओळखली जाई, पेरू देशात बटाट्यावरील संशोधनातून १९७९ साली पुढे आली. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, कांदा, टोमॅटो आणि मिरची यांना विशेष मानवते. कांद्याला मूळरोम अगदी कमी असल्याने तो तिच्यावर बराच अवलंबून असतो. परंतु कोबी, फुलकोबी, मुळा, पालक आणि बीट या पिकांशी तिचे सहजीवन जुळत नाही, आणि या पिकांसाठी ती विकत घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

एवढे सर्व ज्ञात असूनही शेतात हे सूक्ष्मजीव अनेकदा निष्प्रभ का ठरतात, या प्रश्नाचे सर्वांत उद्‌बोधक उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यात हॅरी हॉइटिंक यांच्या कंपोस्टवरील संशोधनातून मिळाले. झाडांच्या सालीपासून केलेल्या कंपोस्टमध्ये लावलेल्या रोपांना मूळकूज कमी होते, हे तेथील रोपवाटिकांच्या अनुभवातून दिसले होते. पण ताज्या, अर्धवट कुजलेल्या सालीत ट्रायकोडर्मा भरपूर असूनही रायझोक्टोनिया मोकाट वाढत असे, आणि तीच साल पूर्ण मुरल्यावर तोच ट्रायकोडर्मा रायझोक्टोनियाला संपवत असे. ताज्या सालीत सेल्युलोज इतके सहज उपलब्ध असते, की ट्रायकोडर्माला शिकार करण्याची गरजच उरत नाही आणि कायटिन विरघळवणाऱ्या विकरांची निर्मिती मंदावते; सेल्युलोज संपत आले की तो भक्ष्याकडे वळतो. उलटपक्षी, अतिकुजलेल्या, खनिजांपलीकडे काहीच न उरलेल्या खतात त्याला तग धरण्यापुरतेही अन्न मिळत नाही. अर्धवट कुजलेले शेणखत टाकून वर ट्रायकोडर्मा ओतणाऱ्याचा खर्च वाया जातो तो याच कारणाने, आणि शिवाय त्या कच्च्या खतावर पिथियम व रायझोक्टोनिया स्वतःच पोसले जातात, हे नुकसान वेगळे.

महाराष्ट्रात हे शास्त्र सर्वांत चांगले लागू पडते ते रोपवाटिकेत. नारायणगाव, नाशिक आणि अन्य टोमॅटो-मिरचीच्या पट्ट्यांत आता बहुतेक रोपे शेडनेटमध्ये, प्रोट्रेच्या कप्प्यांत कोकोपीट भरून वाढवली जातात. नारळाच्या सालीचा हा भुसा जैविकदृष्ट्या जवळजवळ ओस असतो. त्यात पिथियम आधी शिरला तर संपूर्ण ट्रे कोलमडतो, आणि ट्रायकोडर्मा किंवा सुडोमोनास आधी मिसळला तर मुळांची पहिली पिढीच त्याच्या सोबतीने वाढते. टोमॅटोचे रोप तेथे साधारण २५ ते ३० दिवस राहते, आणि एवढ्या अवधीत, मर्यादित जागेत, अल्प खर्चात जी वसाहत मुळांवर बसते ती पुनर्लागवडीबरोबर शेतात जाते. एकरभर जमिनीत भुकटी पसरवून प्रत्येक मुळापर्यंत ती पोहोचण्याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी किफायतशीर आहे, आणि तरीही बरेच शेतकरी पहिली आळवणी करतात ती शेतात झाडे माना टाकू लागल्यावर. तोपर्यंत फ्युजेरियम नलिकांत पोहोचलेला असतो, आणि तेथे ट्रायकोडर्माचा हात पोहोचत नाही.

गादीवाफ्यावर रोपे करणाऱ्यांसाठी बीजप्रक्रिया हा पर्याय असून, दर किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी चोळण्याची शिफारस सर्वत्र आढळते. मुख्य शेतासाठी प्रचलित पद्धत अशी, की सुमारे १०० किलो चांगल्या मुरलेल्या शेणखतात किलोभर भुकटी मिसळायची, खत ओलसर ठेवून सावलीत गोणपाटाखाली झाकायचे, अधूनमधून खालीवर करायचे आणि आठवडा-दोन आठवड्यांनी, पांढरे-हिरवे तंतू दिसू लागल्यावर, ते लागवडीच्या सरीत द्यायचे. विरजण कोमट दुधातच लागते, तसे हे खतही फार गरम, फार ओले वा सुके असून चालत नाही. मुठीत दाबले असता गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतका ओलावा योग्य. शेतात देतानाही जमीन वाफशावर असावी, कारण कोरड्या मातीत बीजाणू नुसते पडून राहतात आणि चिखलात हवा नसल्याने ट्रायकोडर्मा गुदमरतो, तर पिथियम व त्याचा सगोत्र रोगकारक फायटोप्थोरा यांचे पोहणारे बीजाणू नेमके साचलेल्या पाण्यातच मुळांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच उंच गादीवाफा, निचरा आणि ठिबकचे मोजके पाणी यांना या उपायांत सूक्ष्मजीवांइतकेच स्थान आहे.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार ते सहा आठवडे सूर्याच्या उष्णतेने माती तापवण्याची पद्धत इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली. तिच्यात माती वाफेइतकी तापत नाही, आणि तोच तिचा फायदा आहे: अनेक रोगकारक मरतात किंवा दुर्बळ होतात, तर बॅसिलसचे बीजाणू व काही उपयुक्त बुरशी टिकून राहतात, आणि त्यानंतर दिलेला ट्रायकोडर्मा त्या अर्धवट मोकळ्या झालेल्या जागेत सहज स्थिरावतो. महाराष्ट्रातील कडक उन्हाळा वाया न घालवण्याचा याहून स्वस्त मार्ग रोपवाटिकेला उपलब्ध नाही.

रसायनांशी मेळ घालताना सावधगिरी लागते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते. मेटॅलॅक्झिल प्रामुख्याने पिथियम-फायटोप्थोरावर काम करीत असल्याने त्याला तितकेसे बाधक नाही. तांबेयुक्त औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिन सुडोमोनासला घातक ठरतात. विक्रेत्याने एकाच पाण्यात दोन्ही कालवून द्यायला सांगितले, तर तो सल्ला मानू नये. दोहोंत दहा-पंधरा दिवसांचे अंतर असावे.

भुकटीच्या दर्जाचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतात रोगनियंत्रणासाठी विकल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते, आणि ट्रायकोडर्माच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत एकके असावीत असा निकष आहे. येथे एकक म्हणजे पोषक थरावर टाकल्यास ज्यापासून स्वतंत्र वसाहत उगवते असा जिवंत बीजाणू किंवा तंतूचा तुकडा. संगजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेला हा जीव काही महिन्यांतच घटू लागतो, आणि दुकानाच्या पत्र्याखाली मे महिन्यात पडून राहिलेल्या पाकिटावर छापलेला आकडा आत उरलेला असेलच असे नाही. नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि साठवणीची जागा पाहून खरेदी करणे एवढे तरी ग्राहकाच्या हाती आहे. नावावरून मात्र फारसे ठरत नाही, कारण ट्रायकोडर्मा विरिडी म्हणून ओळखले गेलेले अनेक वाण जनुकीय तपासणीत अ‍ॅस्परेलम किंवा अन्य जातीचे निघाले आहेत. वाण कोणत्या पिकावर, कोणत्या मातीत तपासला गेला हे अधिक महत्त्वाचे.

काही ठिकाणी या उपायांकडून फार अपेक्षा ठेवणे योग्य नाही. गोव्याच्या आणि कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत वांगी-टोमॅटोचा जिवाणूजन्य मर रोग हे जुने दुखणे आहे. त्याचा कारक राल्स्टोनिया नलिकांत इतक्या वेगाने वाढतो की तेथे प्रतिकारक जाती, रानवांग्यासारख्या खुंटावरील कलमे आणि पिकांची फेरपालट यांनाच प्राधान्य द्यावे लागते आणि सूक्ष्मजीव जोडीला घ्यावे लागतात. आळिंबीच्या शेडजवळ ट्रायकोडर्मा वाढवणेही टाळलेच पाहिजे, कारण दुसऱ्या बुरशीवर जगण्याचा त्याचा स्वभाव तेथे आळिंबीच्याच मुळावर येतो. या कुळातील अ‍ॅग्रेसिव्हम या जातीने युरोप-अमेरिकेतील आळिंबी उद्योगाचे १९९० च्या दशकात मोठे नुकसान केले होते.

परिणाम दरवर्षी आणि दर शेतात बदलत असल्याने, स्वतःच्या शेतापुरती तरी खातरजमा करण्याचा साधा उपाय म्हणजे आळवणी न केलेल्या दोन ओळी मुद्दाम राखणे. लागवडीनंतर महिनाभराने दोन्हीकडची चार-चार झाडे मातीसकट हळुवार उपटून मुळे पाण्यात धुवावीत: पांढऱ्या, बारीक उपमुळांची संख्या, तपकिरी पडलेले भाग, सूत्रकृमींच्या गाठी आणि खोड उभे चिरल्यावर आत दिसणारी तपकिरी रेघ यांची तुलना केली, तर वरच्या पानांवरून जे कळत नाही ते तेथे कळते, आणि पुढच्या हंगामात कोणती भुकटी, कोणत्या खतातून आणि कोणत्या वेळी द्यायची हे त्या मुळांवरून ठरवता येते.